एकच रेझ्युमे शंभर ठिकाणी? नाही पटत

“एक दमदार रेझ्युमे बनवा आणि तोच शंभर ठिकाणी टाका. जाहिरातीगणिक बदलत बसणं म्हणजे वेळेची नासाडी, वर थोडी फसवणूकही. नाहीतरी रेझ्युमे कुणी माणूस वाचतच नाही. सॉफ्टवेअर ७५ टक्के रेझ्युमे परस्पर कचऱ्यात टाकतं.” या आशयाची पोस्ट मला आतापर्यंत चार जणांनी पाठवली. अर्ज करून करून दमलेल्या माणसाला ती वाचून हायसं वाटत असणार. पण आत काय आहे ते बघू.

आधी फसवणूक, कारण भल्या माणसांना अडवतो तो हाच मुद्दा. समजा, एकीने तीन वर्षं ग्राहकसेवेत काढली आहेत. तिच्या रेझ्युमेत ओळ आहे: “ग्राहकांच्या तक्रारी हाताळल्या.” डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी तिने लिहिलं, “तक्रारींची एक्सेलमध्ये वर्गवारी करून दर महिन्याला मुख्य कारणांचा अहवाल दिला.” ट्रेनरच्या जागेसाठी लिहिलं, “नव्याने आलेल्या सहा जणांना कॉल घ्यायला शिकवलं.” दोन्ही कामं तिने केलीच होती. खोटं कुठे आहे? उलट मूळची ओळच काही सांगत नव्हती. न केलेलं काम लिहिलं, पद फुगवलं, तारखा सरकवल्या, तर ती फसवणूक. आणि ती एकच रेझ्युमे वापरणाराही करू शकतो.

ही काही आजची युक्ती नाही. १४८२च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने इटलीतल्या मिलानचा सत्ताधीश लुडोव्हिको स्फोर्झा याच्याकडे काम मागण्यासाठी केलेला पत्राचा मसुदा आजही उपलब्ध आहे. त्यात आधी येतात ते सहज वाहून नेता येणारे पूल, तोफा, वेढा घातल्यावर खंदकातलं पाणी काढण्याची तजवीज. चित्रकलेचा उल्लेख पार शेवटाकडे. सत्ताधीशाला काय हवं असेल ते ओळखून त्याने क्रम लावला. (त्यातलं किती त्याने आधी प्रत्यक्ष केलं होतं, ही शंका रास्त आहे. तेवढं गिरवू नका.)

आता तो ७५ टक्क्यांचा आकडा. त्याचा माग काढत गेलं की तो रेझ्युमे सुधारून देण्याची सेवा विकणाऱ्या एका कंपनीपाशी पोचतो, जी २०१३मध्ये बंद पडली. एटीएस (अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिम) म्हणतात ते भरतीचं सॉफ्टवेअर मुळात अर्जांचं रजिस्टर आहे: अर्ज साठवतं, शोधू देतं, काही ठिकाणी जुळणीप्रमाणे क्रमही लावतं. आपोआप नकार येतो तो बऱ्याचदा फॉर्ममधल्या “अमुक परवाना आहे का?” अशा प्रश्नाला “नाही” म्हटल्यामुळे. आणि समजा यंत्रच सगळं ठरवतं असं मानलं, तरी निष्कर्ष उलटाच निघतो. एचआरने “इन्व्हेंटरी” शोधलं आणि तुम्ही फक्त “साठ्याची देखरेख” लिहिलं असेल, तर तुम्ही सापडणार कसे? मात्र जाहिरातीतले शब्द (कीवर्ड) पांढऱ्या अक्षरांत लपवण्याच्या फंदात पडू नका. सॉफ्टवेअर नुसता मजकूर उपसून दाखवतं तेव्हा ते सगळे उघडे पडतात.

वेळेचं म्हणाल तर मुद्दा थोडा खरा आहे. दर वेळी कोऱ्या पानापासून सुरुवात केली तर रात्र जाईल. पण तसं कोण सांगतंय? आजवरचं सगळं काम, आकड्यांसकट, एका लांबलचक मूळ फाईलमध्ये ठेवायचं. जाहिरात आली की तिच्यातल्या पहिल्या चार-पाच अपेक्षा बघायच्या, त्यांना उत्तर देणाऱ्या ओळी उचलून वर आणायच्या, बाकीच्या खाली किंवा बाहेर. सवय झाली की वीस मिनिटांचं काम. धोका वेगळाच आहे: मी एकदा एका कंपनीला दुसऱ्याच कंपनीचं नाव असलेली प्रत पाठवली होती. तेव्हापासून फाईलच्या नावात जागा आणि तारीख टाकतो.

आणि हो, एकसारख्याच जागांसाठी अर्ज करत असाल, किंवा भरती मेळाव्यात प्रती वाटायच्या असतील, तर एकच रेझ्युमे खुशाल चालवा. कुणी ओळखीतून नाव सुचवत असेल तर मात्र त्यालाच आधी विचारा, तिथे नेमकी कशाची अडचण आहे. जाहिरातीत ती बहुधा लिहिलेली नसते.