क्विझ हवं सगळ्यांना, क्विझ घेणाऱ्याची किंमत शून्य

डिसेंबर लागला रे लागला की फॅमिली ग्रुपवर सुरू होतं, 'ख्रिसमसला क्विझ हवंच हं! तूच घे, तुला छान जमतं.' छान जमतं म्हणे! मदतीला एक माणूस पुढे येईल तर शपथ. जागरणं करून प्रश्न मी काढायचे, प्रत्येक उत्तर दोन-दोन ठिकाणी मी ताडून बघायचं, शाळकरी भाचीपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना झेपेल असंही मीच बघायचं. आणि एवढं करून त्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात कोण? मीच.

पहिला प्रश्न मुद्दाम सोपा ठेवला होता. ऑस्ट्रेलियाची राजधानी कोणती? 'श्शी, हे काय शाळेतलं विचारतेस!' म्हणून नाक मुरडणाऱ्या काकूंच्या कागदावर ठसठशीत अक्षरात 'सिडनी'. कॅनबेरा म्हटल्यावर लगेच, 'असलं आडवळणाचं कोण विचारतं?' अहो, आत्ता शाळेतलं होतं ना!

तेही एक वेळ परवडलं. डोक्यात जातात ते आमचे भावोजी. प्रश्न असा होता: तेव्हा इंग्लंडमध्ये चालू असलेल्या कॅलेंडरप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ला जन्मलेला शास्त्रज्ञ कोण? उत्तर न्यूटन. मी उत्तर सांगते न सांगते तोच टेबलाखालून फोन वर आला. 'चूक! ४ जानेवारी १६४३. हे बघ, लिहिलंय इथे!' अहो, म्हणून तर 'तेव्हाच्या कॅलेंडरप्रमाणे' म्हटलं होतं, तेही दोनदा वाचून दाखवलं होतं! इंग्लंड तेव्हा ज्युलियन कॅलेंडर वापरायचं, आपलं आजचं ग्रेगोरियन तिथे आलं १७५२ मध्ये, न्यूटनच्या जन्मावेळी मधला फरक दहा दिवसांचा. हे सगळं मी उभ्या उभ्या घसा फोडून सांगतेय आणि हे माझ्या नाकासमोर स्क्रीन नाचवताहेत. फोन बाजूला ठेवायचं ठरलं होतं ना? तर म्हणे, 'मी उत्तर शोधत नव्हतो, तपासत होतो.' बरं, एवढा तावातावाने वाद घालणाऱ्या या टीमने स्वतः लिहिलं काय होतं? आइन्स्टाइन. सोळाशे बेचाळीस साली!

पुढचा प्रश्न, बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी लोक किती होते असं बायबलमध्ये दिलंय? आकडा दिलेलाच नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात भेटी तीन आहेत, सोनं, ऊद आणि गंधरस, माणसं किती ते नाही. तर अख्खी खोली अंगावर आली. 'सगळ्या कार्डांवर तीनच असतात! प्रश्न रद्द कर!' म्हणजे चूक यांची आणि रद्द माझा प्रश्न.

वहिनींची तर निराळीच तऱ्हा. 'आधी बरोबर लिहिलं होतं गं, मग खोडलं. हे बघ, रेघेखाली दिसतंय. अर्धा गुण दे ना.' खोडलेल्या उत्तराला अर्धा गुण! आणि 'मला तेच म्हणायचं होतं' म्हणणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. म्हणायचं होतं तर लिहायचं होतं, पेन काय कान खाजवायला दिलं होतं?

कहर झाला टायब्रेकरला. एव्हरेस्टची उंची किती मीटर, जो जवळ जाईल तो जिंकला. एकांनी लिहिलं ८८४८, दुसऱ्यांनी ८८४९. नेपाळ आणि चीनने २०२०मध्ये मिळून जाहीर केलेला आकडा ८८४८.८६. म्हणजे ८८४९वाले जिंकले, विषय संपला. पण छे! 'आम्ही शाळेत ८८४८च शिकलो, पॉइंटनंतरचं कोण धरतं?' अहो, 'जो जवळ जाईल तो' याचा दुसरा अर्थ काय होतो? शेवटी दोन्ही टीम एकमेकांशी भांडायच्या सोडून माझ्याशीच भांडायला लागल्या, कारण काय तर म्हणे प्रश्नच फालतू होता.

पुढच्या वेळी फोन दारातच काढून घेणार, खोडलेल्याला भोपळा, आणि भावोजींना टीमच देणार नाही. गुण मांडायला बसवणार. बसा म्हणावं वहिनींच्या अर्ध्या अर्ध्या गुणांच्या बेरजा करत.