सोडायचं की रेटायचं?

ताईचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षाचा एम-टू, म्हणजे गणिताचा दुसरा पेपर, अजून सुटलेला नाही, पुढच्या एम-थ्रीचं लक्षणही ठीक दिसत नाही, आणि गेले काही महिने तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करून बऱ्यापैकी कमावतोय. परवा त्यानं घरच्या ग्रुपवर सरळ लिहून टाकलं, 'मला कॉलेज सोडायचंय.' मग काय! एका काकांनी बिल गेट्सचा फोटो टाकला. दुसऱ्यांनी लिहिलं, 'गेट्सला मुलगी मिळाली, आपल्याला कोण देणार?' मामीनं 'डिग्री तरी हातात असू दे रे बाळा' म्हणून हात जोडले. दाजी ग्रुपवर एक अक्षर बोलले नाहीत. त्यांनी मला इथे जर्मनीत, स्टुटगार्टला फोन केला, कारण पोरानं सांगून ठेवलं होतं, 'जर्मनीत कितीतरी जण मधेच सोडतात, मावशीला विचारा.'

पोरगं खोटं बोललेलं नाही. जर्मनीत बॅचलरला प्रवेश घेणाऱ्या शंभरातले साधारण २८ जण पदवी न घेताच बाहेर पडतात. विद्यापीठातल्या गणित आणि विज्ञान शाखांत तर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. एवढी गळती आपल्याकडे एखाद्या कॉलेजात झाली तर दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येईल. इथे मात्र त्यावर अहवाल निघतात, मंत्री काळजी व्यक्त करतात आणि ज्याच्या घरात हे घडतं ते घर शांतपणे रात्रीचं जेवण जेवतं.

आमच्या इमारतीत दर हिवाळ्याच्या तोंडावर धुराड्याची आणि गॅसच्या बॉयलरची तपासणी होते. ती कायद्यानंच करावी लागते. यंदा तपासायला पंचविशीची मुलगी आली, पारंपरिक काळ्या पोशाखात. बॉयलरच्या नळीत तिनं बारीक दांडीसारखा सेन्सर घातला. शेजारच्या यंत्रातून धुराची मोजणी छापलेली चिठ्ठी निघाली, ती फाडून माझ्या हातात दिली. कॉफी घेताना सहज म्हणाली, आधी आर्किटेक्चरला होते, तीन सेमिस्टर केली. का सोडलं? 'दिवसभर स्क्रीनसमोर बसवेना.' एवढंच. ना खंत, ना बंडाची भाषा. आता ती मास्टरची परीक्षा द्यायचं बघतेय. आणि इथली ही कारागिरीतली मास्टर पदवी देशाच्या पात्रता-चौकटीत सहाव्या पातळीवर, म्हणजे बॅचलरच्या शेजारीच बसते. उद्या तिला पुन्हा विद्यापीठात जावंसं वाटलं तर त्या परीक्षेवर तिला प्रवेशही मिळतो.

दाजींना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'तुमच्याकडं धुराडं साफ करणाऱ्याला मान आहे. आमच्याकडं आयटीआयवाल्याला दुकानाच्या पायरीवरच उभं करतात.' दाजींचं कराडात हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे ते ऐकीव बोलत नाहीत.

मला वाटतं घरातल्या या वादाचा पायाच जरा कच्चा आहे. हिंमत आहे की नाही, असा तो रंगवला जातो. सोडणारा एक तर शूर किंवा पळपुटा. जर्मनीतली मुलं काही आपल्या मुलांपेक्षा शूर नाहीत. त्यांना सोडणं स्वस्त पडतं आणि परत फिरायला रस्ता असतो, बाकी काही नाही. सरकारी विद्यापीठात फी जवळपास नाहीच. सेमिस्टरला काहीशे युरो भरायचे, आणि त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रामचा पासही येतो. सोडलं तर बुडतं काय? वर्ष-दीड वर्ष. आणि बाहेर पडलेल्यासाठी आउसबिल्डुंग आहे, म्हणजे कंपनीत किंवा कारागिराकडे काम करत करत शिकणं. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकीचे दिवस काम, आणि पहिल्या महिन्यापासून पगार. २०२५ मध्ये सुरुवात करणाऱ्याला पहिल्या वर्षी कायद्यानं महिना किमान ६८२ युरो मिळालेच पाहिजेत. बेकरीपासून बँकेपर्यंत असे तीनशेवर व्यवसाय आहेत. विद्यापीठ सोडून आलेल्यांना तर कारागिरांच्या चेंबर्स, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघटना, स्वतःहून बोलावतात, कारण त्यांना माणसं मिळत नाहीत.

पण याच्यापुढची गोष्ट ग्रुपवर कोणी फॉरवर्ड करत नाही. हाच देश बहुतेक राज्यांत चौथीनंतर पोरांची चाळण लावतो. कोण विद्यापीठाच्या वाटेच्या शाळेत जाणार आणि कोण नाही, हे दहाव्या वर्षी ठरायला लागतं. आमच्या शेजारचे जर्मन आईबाप चौथीतल्या मुलाच्या गणिताच्या मार्कांवरून जितके हवालदिल होतात, तितकी माझी आई माझ्या बारावीला झाली नव्हती. आउसबिल्डुंगचं कौतुक सगळे करतात, दुसऱ्याच्या मुलासाठी. आणि परीक्षेच्या बाबतीत तर जर्मन विद्यापीठ आपल्यापेक्षा निर्दयी आहे. एखादा सक्तीचा पेपर साधारणपणे तीनदाच देता येतो. तिसऱ्यांदा गेला की नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. आपला एटीकेटीचा, म्हणजे राहिलेले विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात जायचा, कारभार कितीही गबाळा असला तरी 'ऑक्टोबरला काढतो, नाहीतर मेमध्ये काढतो' म्हणायची सोय त्यात आहे. इथे ती नाही. म्हणून इथली मुलं लवकर निर्णय घेतात. सोडणाऱ्यांतले जवळपास निम्मे पहिल्या दोन सेमिस्टरमध्येच बाहेर पडतात.

मला महाराष्ट्राशी ताडून बघावंसं वाटतं ते नेमकं हे वेळापत्रक. आपल्याकडे सगळं उलटं चालतं. पहिल्या सेमिस्टरमध्ये पोरगं रडकुंडीला येऊन सांगतं की हे मला जमत नाही, तेव्हा आपण म्हणतो, 'रुळेल हळूहळू.' दुसऱ्या वर्षी केटी लागतात, तेव्हा 'एवढे पैसे घातलेत' सुरू होतं. तिसऱ्या वर्षी ते खोलीतून बाहेर येईनासं होतं, फोन उचलत नाही, आणि मग आईबाप एकदम हात टेकतात, 'कर बाबा तुला काय करायचं ते.' सोडणं सगळ्यात स्वस्त असतं तेव्हा बंदी, आणि सगळ्यात महाग झाल्यावर मुभा!

हा स्वस्त-महागाचा हिशोब कागदावरही आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाची शेवटची तारीख उलटल्यावर १५ दिवसांत सोडलं तर ८० टक्के फी परत, त्यापुढे ३० व्या दिवसापर्यंत ५० टक्के, नंतर शून्य. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला कॉलेजांना मनाई आहे. इंजिनिअरिंगच्या कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेऱ्यांचे, नियम वेगळे, पण कल तोच: जितक्या लवकर, तितकं कमी नुकसान. किती घरांत ऑगस्टमध्ये कोणी हा नियम काढून वाचतं? आपण तो वाचत नाही, कारण सीट मिळवण्यातच दोन वर्षं गेलेली असतात. क्लास, सीईटी, पर्सेंटाइल, राउंडमागून राउंड. वसंतदादांच्या सरकारनं १९८३ मध्ये खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, तेव्हापासून दोन पिढ्यांनी आत शिरायचं शास्त्र पक्कं केलंय. बाहेर पडायचं शास्त्र कोणी केलेलंच नाही.

नव्या शैक्षणिक धोरणात ते आहे, असं सांगितलं जातं. एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, आणि मिळवलेली क्रेडिट त्यासाठीच्या क्रेडिट-बँकेत जास्तीत जास्त सात वर्षं शाबूत. कल्पना चांगली आहे. पण त्या एका वर्षाच्या सर्टिफिकेटवर कामाला ठेवणारा मालक अजून मला भेटायचाय. जर्मन पोराला बाहेर पडल्यावर हातात कागद मिळतो म्हणून निर्धास्त वाटत नाही, कागदापलीकडे कोणी तरी त्याची वाट बघत असतं म्हणून वाटतं. आपल्याकडे कंपनी कॅम्पसला आली की पहिली अट वाचते: दहावी, बारावी, डिग्री सगळीकडे ६० टक्के, बॅकलॉग नको, गॅप नको. गॅप पडला तर पुढच्या प्रवेशाला प्रतिज्ञापत्र करून द्या, की मधल्या काळात मी कुठे शिकत नव्हतो. एक वर्ष थांबलेल्या मुलाकडे आपण जामिनावर सुटल्यासारखं बघतो.

आता गेट्स. काकांनी फोटो टाकला खरा, पण १९७५ मध्ये हार्वर्ड सोडताना त्यानं रीतसर रजा घेतली होती, ते त्या फोटोखाली नव्हतं. कंपनी बुडाली असती तर परत वर्गात जाऊन बसता आलं असतं. आपल्या जवळचं उदाहरण हवं तर विप्रोवाल्या अझीम प्रेमजींचं घ्या. १९६६ मध्ये वडील वारले म्हणून ते स्टॅनफर्ड सोडून आले आणि अमळनेरच्या वनस्पती तुपाच्या कारखान्याचा धंदा हाती घेतला. ते कॉलेजला कंटाळून आले नव्हते, कारखाना चालवायला आले होते. पुढे बऱ्याच वर्षांनी राहिलेली पदवी त्यांनी पुरीही केली. दोघांनाही जायला जागा होती आणि परतायला दार होतं. व्हॉट्सॲपवर फक्त 'सोडलं' एवढंच पोचतं.

जर्मन विद्यापीठांत अशी रजा मागता येते. उरलाउब्स-सेमिस्टर म्हणतात. आजारपण, बाळंतपण, घरातल्या माणसाची शुश्रूषा, इंटर्नशिप, कारण पटलं तर एक सेमिस्टर नाव राहतं, पण सेमिस्टरची मोजणी थांबते. आणि मला दाजींशी बोलताबोलता लक्षात आलं की आपल्याकडेही ती आहे. तिला वायडी म्हणतात. इयर डाउन झालेल्या मुलाला नेहमीसारखं रोज वर्गात बसायचं नसतं. राहिलेल्या विषयांचे फॉर्म भरायचे, परीक्षा द्यायची, बाकीचं वर्ष मोकळं. फरक इतकाच की जर्मन मुलगा ती मागून घेतो आणि आपल्या मुलाला ती शिक्षा म्हणून मिळते. त्यामुळे तो ते वर्ष हॉस्टेलच्या खोलीत तोंड लपवून काढतो, आणि घरी तर 'रिझल्ट लागायचाय' असंच चालू असतं.

तोंड लपवण्याचा हा प्रकार इथे परदेशात आणखी बेकार होतो. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. त्यात आपली मराठी पोरंही खूप. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवायचे, ते बहुतेकांनी घर गहाण ठेवून किंवा कर्ज काढून उभे केलेले. त्यांना जर्मन मुलासारखं 'बसवेना' म्हणून उठता येत नाही, कारण राहण्याचा परवाना शिक्षणालाच बांधलेला. गणेशोत्सवात भेटणारा एक मुलगा मास्टर्समधून तिसऱ्या प्रयत्नाला बाहेर पडला. भाषा चांगली होती म्हणून त्याला आउसबिल्डुंगचा करार मिळाला, परवाना बदलून घेतला. आता मेकाट्रॉनिक्स शिकतो, हात काळे करतो, वजन वाढलंय, हसतो. घरी मात्र सांगितलंय, 'एमएस झालं, जॉब लागला.' मी म्हटलं, सांगून टाक की! तर म्हणाला, 'बाबांनी गावात पेढे वाटलेत, ताई.' त्याच्यासाठी जर्मनीनं दार उघडं ठेवलं होतं. आत जाताना मात्र त्याला गावाकडून लपत जावं लागलं.

म्हणून निर्णयाची वेळ आली तेव्हा दाजींना मी जर्मनीचा दाखला पुन्हा दिला नाही. 'मोकळं सोडा त्याला' हे कराडात बसलेल्या बापाला स्टुटगार्टहून सांगणं सोपं आहे, बिल मला येणार नाही. दाजींचे मुद्दे खरे आहेत. एमपीएससीचा फॉर्म भरायचा तर पदवी लागते. स्थळाच्या वहीत 'शिक्षण' हा रकाना नावाच्या लगेच खाली असतो. लग्नाचे व्हिडिओ मे महिन्यात चालतात, भाद्रपदात नाहीत.

पण पोराचा मुद्दाही खरा आहे. त्याला यंदा वायडी लागणार, हे त्याच्या बापाला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मग माझं म्हणणं एवढंच होतं की हे वर्ष त्याला उघडपणे द्या. एम-टू, एम-थ्रीसाठी सकाळचा क्लास लावू दे, उरलेला दिवस एडिटिंग. कुठल्या स्टुडिओनं किती पैसे दिले, पावसाळ्यात काम आलं का, हे वहीत लिहू दे. पुढच्या जूनला दोन्ही आकडे समोर ठेवून ठरवा. काम खरंच उभं राहिलं असेल तर इंजिनिअरिंगचा नाद सोडून नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करता येईल. ती पदवी एमपीएससीलाही चालते. काम उभं राहिलं नाही, तर तिसरं वर्ष आहेच, आणि तेव्हा तो वर्गात बसेल तो हट्टानं नाही, हिशोबानं बसेल.

ताईला हे पटलं. मामीनं परत हात जोडले. दाजी दोन दिवस काही बोलले नाहीत, मग तयार झाले, पण एका अटीवर: एडिटिंगच्या लॅपटॉपचे हप्ते या महिन्यापासून पोरानं स्वतः भरायचे. पोरगं माझ्याकडे तक्रार घेऊन आलं, 'मावशी, तू सांग ना पप्पांना.' मी नाही सांगणार. अट रास्त आहे.