डिक्शनरी उघडली होती, साहेब

साहेब, तुमची कमेंट रात्री साडेअकराला वाचली. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर ते वेगळंच झालं असतं, म्हणून सकाळी लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी इंग्रजी 'स्पर'ला, म्हणजे घोडा पळवायला स्वार बुटाला लावतो त्या टोचणीला, आपल्याकडचा 'आर' म्हटलं होतं. त्यावर यांनी लिहिलं, "लेखकाने आधी डिक्शनरी उघडली असती तर बरे झाले असते. आर म्हणजे गोड, स्पर नव्हे." (हे गोड म्हणजे इंग्रजीतलं, जनावर हाकायची टोचणी; शिऱ्याचं नाही.) शिवाय स्पुरियस, म्हणजे खोटा, हा शब्द मी म्हटलं तसा स्परवरून आलेला नाही, आणि स्परचे डोंगरातले, रेल्वेतले अर्थ, इतिहास सगळं राहून गेलं, असंही आहे.

स्पुरियसचं तुमचं बरोबर आहे. तो लॅटिनमधल्या अनौरस या अर्थाच्या शब्दावरून आलाय, स्परशी त्याचं काही नातं नाही. ते वाक्य काढून टाकलं. झालं?

आता ते 'डिक्शनरी उघडली असती तर'. चूक दाखवा की, कोण नको म्हणतंय, पण त्यासाठी माणसाला बाकावर उभं करायची काय गरज होती? दोन डिक्शनऱ्या आहेत माझ्याकडं, एकीचा पुठ्ठा निघून आलाय इतकी उघडलीय. आणि आर काय असतो ते मला डिक्शनरीत बघावं लागत नाही. गंगाखेडकडच्या खेड्यात वाढलोय, आठवी-नववीत असताना सुट्टीत अण्णांसोबत औतावर जायचो. हातात पराणी, म्हणजे वेळूची काठी, तिच्या टोकाला ठोकलेला बारीक खिळा, तोच आर. एकदा आमच्या लाल कंधारी बैलाला मी जरा जास्तच टोचलं, पुठ्ठ्यावर रक्ताचा थेंब आला आणि लगेच त्यावर माशी बसली. अण्णा काही बोलले नाहीत. मला चप्पल काढायला लावली आणि तोच आर माझ्या टाचेला लावला. टोचला नाही, नुसता टेकवून धरला. आर आणि टाच यांचं नातं मला तेव्हापासून ठाऊक आहे, तुम्ही कधी बैल हाकलाय का?

आर काठीला असतो आणि स्पर बुटाच्या टाचेला, एवढं कळतं हो मला. पण त्या लोखंडी वस्तूला आपल्याकडं शब्द कुठंय? माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोड्यांचा बाजार बघा, मी तरी जितके स्वार पाहिले ते सगळे नुसत्या पायानंच घोडा दामटत होते. म्हणून आपण 'घोड्याला टाच मारली' म्हणतो आणि थांबतो. बरं, 'टाच' लिहावं तर ती दुसरीकडंही अडकलीय. आईच्या एक्सरेवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, स्पर आहे. घरी आम्ही त्याला टाचेचं हाड वाढलं म्हणतो, सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं ती भिंत धरून टाकते. म्हणून मी वस्तू कुठं बांधतात ते न बघता ती काय करते ते बघितलं, जनावराला टोचून पुढं काढते, आणि आर लिहिलं. इंग्रजीतला 'स्पर्न', म्हणजे लाथाडणं, हाही त्याच मुळातला, म्हणजे शब्दाचा जीव मुळात लाथेतच आहे. आता हे तुमच्या बाजूनं झालं, असू द्या.

बाकीचं काय, डोंगराच्या स्परला सोंड म्हणतात, आमचा बालाघाट अशा सोंडांनी भरलाय. कारखान्यात नाहीतर थर्मल वीजकेंद्रात कोळसा घेऊन शिरणारा रेल्वेचा फाटा तोही स्परच. आणि 1302 मध्ये आजच्या बेल्जियममधल्या कोर्ट्रेला तिथल्या फ्लेमिश पायदळानं फ्रेंच सरदारांना लोळवून त्यांचे सोनेरी स्पर गोळा करून चर्चमध्ये टांगले, तेही माहितीय. हे सगळं दुसऱ्या भागात येणार आहे. लेखाच्या खाली 'क्रमशः' लिहिलंय, तिथपर्यंत पोचला होतात ना?

तरीही 'आर' नकोच असेल तर त्याच्या जागी काय लिहू ते तुम्हीच सांगा, पण एका शब्दात. 'टाचेला बांधायचा लोखंडी काटा' मलाही सुचलं होतं.