मासे तोंड वर काढतात ते भुकेने नव्हे

‘तळ्यातले मासे बारा महिने ठणठणीत’ हा पाच कलमी फॉरवर्ड परवा आमच्या मेहुण्यांनी घरच्या ग्रुपवर टाकला. खाली त्यांची टीप: ‘उद्यापासून सुरू करतोय.’ फोनवर सांगून झालं, पटलं नाही. म्हणून आता लिहूनच टाकतो.

कलम पहिलं: पहाटे मासे पाण्यावर तोंड उघडून दिसले, तर ते रात्रभर उपाशी आहेत, उजाडताच दुप्पट खाद्य टाका.

अख्खं तळं मारायला एवढं एक कलम पुरे आहे. ते मासे भुकेले नाहीत, गुदमरलेत. पाण्यातला बराचसा ऑक्सिजन शेवाळ आणि सूक्ष्म वनस्पती उन्हात तयार करतात. अंधार पडला की ते काम थांबतं, श्वास मात्र सगळ्यांचा चालू राहतो: माशांचा, त्या शेवाळाचा आणि गाळातल्या जिवाणूंचाही. त्यामुळे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो सूर्योदयाच्या जरा आधी. उन्हाळ्यात आणखी पंचाईत, कारण २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. रोहू-कटलासारख्या कार्प जातीच्या माशांना ५ च्या वर बरं वाटतं, ३ च्या खाली धाप लागते.

ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. मत्स्यतळ्यांच्या पाण्याचे अमेरिकी अभ्यासक क्लॉड बॉइड आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच कॅटफिशच्या तळ्यांवर दाखवून दिलं की दिवस मावळताना एकदा आणि दोन-तीन तासांनी पुन्हा ऑक्सिजन मोजला, की तीच उतरती रेघ पुढे ओढून पहाटेचा आकडा आदल्या रात्रीच काढता येतो. भुकेचा अंदाज असा रेघ ओढून काढता येतो का?

फरक डोळ्यांनीही कळतो. भुकेला मासा चपळ असतो, काठावर सावली पडली तरी खाली पळतो. गुदमरलेला जागचा हलत नाही, ओठ पाण्याच्या पृष्ठभागाला लावून तरंगत राहतो. मरायला लागतात तेही आधी मोठे मासे. अशा वेळी टाकलेलं खाद्य कोणी खात नाही. ते तळाशी कुजतं आणि कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही संपवतं. तेव्हा खाद्य बंद करा, पंप लावा आणि तळ्याचंच पाणी उंचावरून फवारत परत तळ्यात सोडा. सलग ढगाळ दिवस आले तर खाद्य आधीच कमी करा.

‘थंडीत ऊब राहावी म्हणून जास्त खाद्य’: मासा थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं. खाद्य कमी करायचं असतं.

‘पाऊस म्हणजे फुकटात पाणीबदल’: जोराचा गार पाऊस वरचं पाणी खाली ढकलतो आणि तळाचं ऑक्सिजन नसलेलं पाणी वर येतं. पुढचं सांगायला नको.

‘पाणी जितकं हिरवं तितकं उत्तम’: हिरवं हवं, पण किती? इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्कीने १८६५ मध्ये पाण्याची पारदर्शकता मोजायला वापरलेली पांढरी तबकडी आजही चालते, फक्त रूप बदललंय. आताची २० सेंटिमीटरची, काळी-पांढरी, दोरीला बांधून खाली सोडायची. ती ३० ते ४५ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. त्याच्या बऱ्याच आधी गायब झाली, तर पहिल्या कलमातली पहाट फार लांब नाही.

राहिला चुना. ‘महिन्याला एक पोतं, सगळे रोग पळतात.’ बरं, यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. आम्ल पाण्याच्या तळ्याला चुन्याचा खरंच उपयोग होतो. पण न मोजता, तेही हिरव्यागार तळ्यात भर दुपारी? तेव्हा पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचं माप) आधीच चढलेला असतो, चुना तो आणखी चढवतो. माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या अमोनियाचा विषारी भाग २५ अंशांना पीएच ७ असताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, पीएच ९ ला तो ३५ टक्क्यांच्या पुढे जातो. टाकायचाच तर पीएच मोजून, सकाळी, आणि शेतीसाठीची चुनखडीची भुकटी. कळीचा चुना तळं रिकामं करून सुकवल्यावर तळाला मारायचा असतो, मासे पाण्यात असताना नाही.