ईटनव्हिलचा ओटा आणि तुमच्या गावचा पार

सर, नमस्कार.

तुम्ही निवृत्त शिक्षक असल्याचं प्रतिक्रियेत लिहिलंय, म्हणून ‘सर’ म्हणते. उत्तराला आठवडा लागला. तुमचा एक मुद्दा अगदी बरोबर होता आणि त्यासाठी मला माझाच लेख पुन्हा उघडून बघावा लागला.

मूळ लेख ज्यांच्या वाचनात आला नाही त्यांच्यासाठी सांगते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात, ऑरलँडो शहराला लागून ईटनव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९९० पासून दर जानेवारीत कृष्णवर्णीयांच्या गाण्यांचा, चित्रांचा, चित्रपटांचा आणि गोष्टींचा महोत्सव भरतो. लेखिका झोरा नील हर्स्टन या गावात वाढली, तिच्या नावाने हा महोत्सव ओळखला जातो. मुलीकडे गेले असताना मी तो पाहिला आणि त्यावर भरभरून लिहिलं.

तुमचं म्हणणं असं. ही शेवटी जत्राच. माणसं येतात, खातात, नाचतात, घरी जातात. रस्त्याचे आणि जमिनीचे प्रश्न कचेरीत सुटतात. दुसरं, एकाच वर्णाच्या लोकांचा उत्सव म्हणजे तोच भेदभाव, दार फक्त उलट्या बाजूने लावलेलं. तिसरं, ही हर्स्टनबाई काळ्या-गोऱ्या मुलांना एका शाळेत बसवण्याच्या विरोधात होती आणि ते मी लपवलं. आणि शेवटी एक ओळ: ‘आमच्या गावचा पार रस्ता रुंदीकरणात गेला, तेव्हा कोणी गाणी म्हटली नाहीत.’

तिसऱ्यापासून सुरू करते, कारण तिथे चूक माझी आहे. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. पुढच्याच वर्षी हर्स्टनने ऑरलँडोच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून त्या निकालावर टीका केली. गोऱ्या मुलाच्या शेजारी बसल्याशिवाय काळं मूल शिकूच शकत नाही, असं गृहीत धरणं तिला अपमानास्पद वाटत होतं. काळ्या शिक्षकांनी चालवलेल्या चांगल्या शाळा तिने पाहिल्या होत्या. तिचा स्वाभिमान मला कळतो, पण तिचं मत मला पटत नाही. प्रश्न शेजारी कोण बसतं एवढाच नव्हता. इमारत, पुस्तकं, शिक्षकांचा पगार, सगळा पैसा एकाच बाजूला वाहत होता आणि वेगळेपण टिकलं असतं तर तो तसाच वाहत राहिला असता. हे सगळं मी लेखात लिहायला हवं होतं. उत्सवाबद्दल लिहिताना उत्सवमूर्तीचं गोड तेवढंच सांगायचं, ही सवय आपल्याला लहानपणापासून लागलेली असते. मीही तेच केलं. लेखात आता तसा परिच्छेद जोडला आहे, तुमच्यामुळे.

तिच्यावर टीका करणारे तुम्ही पहिले नाही, हेही खरं. १९३७ मध्ये तिची सर्वांत गाजलेली कादंबरी आली, तेव्हा रिचर्ड राइट या मोठ्या कृष्णवर्णीय लेखकानेच ती झोडपली. हिच्या पुस्तकातली माणसं हसतात, रडतात, गातात, पण अन्यायाविरुद्ध बोलत नाहीत; गोऱ्या वाचकाला रिझवण्यासाठी हे लिहिलंय, असा त्याचा रोख होता.

राइटला एक गोष्ट दाखवावीशी वाटते. ईटनव्हिलपासून वीसेक किलोमीटरवर, त्याच ऑरेंज काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) ओकोई नावाचं गाव आहे. २ नोव्हेंबर १९२०, अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा दिवस. काळ्या नागरिकांनी मतदान करायचा प्रयत्न केला म्हणून गोऱ्या जमावाने त्यांची घरं आणि चर्च जाळली, माणसं मारली, जुलाय पेरी या शेतकऱ्याला फासावर लटकवलं. वाचलेली कुटुंबं जमिनी सोडून पळाली आणि पुढची कित्येक दशकं त्या गावात काळा माणूस राहिला नाही. या घटनेवर १९३० च्या दशकाअखेरीस हर्स्टनने लेख लिहिला, सरकारी लेखक-प्रकल्पावर नोकरी करत असताना. जिच्यावर ‘हसणारी माणसं’ रंगवल्याचा आरोप झाला, तिनेच ही राख टिपून ठेवली. ओकोईच्या नगरपालिकेने त्या हत्याकांडाची जाहीर कबुली दिली ती २०१८ मध्ये. म्हणजे ९८ वर्षांनी.

आता ही दोन गावं शेजारी ठेवून बघा. एका गावात मत द्यायला गेलेल्यांना हाकलून दिलं गेलं. दुसऱ्या गावात १५ ऑगस्ट १८८७ रोजी २७ काळ्या पुरुषांनी मत देऊन स्वतःची नगरपालिका स्थापन केली. गुलामगिरी संपून जेमतेम २२ वर्षं झाली होती. स्वतःचा महापौर, स्वतःचा कोतवाल, स्वतःचं चर्च, स्वतःचं पोस्ट. झोराचे वडीलही काही काळ महापौर होते. ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली की माझा जन्म ईटनव्हिलचा, खरं तर ती १८९१ साली अलाबामात जन्मली आणि अगदी लहानपणी इथे आली. मला ते खोटं वाटत नाही. जिथे आपण पहिल्यांदा मान वर करून चाललो ते जन्मगाव, असं तिला म्हणायचं असावं.

गावाच्या मधोमध जो क्लार्क यांचं दुकान होतं आणि दुकानाला ओटा. संध्याकाळी पुरुष त्या ओट्यावर बसत आणि गोष्टी सांगत. त्या गोष्टींना ते लोक ‘थापा’च म्हणत, ‘चला थापा मारायला’ अशा अर्थाने. तुमच्या गावच्या पारावरही हेच चालत असणार.

त्यातली एक सांगते, कारण ‘जत्रा’ या तुमच्या मुद्द्याचं माझं उत्तर अर्धं तरी तिच्यात आहे. जॉन नावाचा एक गुलाम रोज रात्री गुडघे टेकून प्रार्थना करायचा, देवा, आता सोसवत नाही, तुझा रथ पाठव आणि मला ने. मालकाने ते चोरून ऐकलं. एका रात्री तो पांढरी चादर पांघरून आला आणि दार ठोठावून म्हणाला, जॉन, चल, मी न्यायला आलोय. जॉन पलंगाखाली. बायको म्हणते, तो घरी नाही. देव म्हणतो, मग तुलाच नेतो. शेवटी जॉन बाहेर येतो आणि हात जोडून म्हणतो, देवा, तुझं तेज एवढं आहे की डोळे दिपतात, जरा मागे सरक ना. देव एक पाऊल मागे. अजून थोडा, देवा. अजून थोडा. जागा झाली तसा जॉन दारातून जो सुटला तो अंधारात गडप. मूल रडत विचारतं, देव बाबांना पकडेल का गं? आई म्हणते, गप झोप, तुझे बाबा अनवाणी पळताहेत, देवाची काय बिशाद!

ऐकणारे पोट धरून हसत. पण फ्लोरिडात पांढरी चादर पांघरून रात्री दार ठोठावायला कोण येत असे, हे ओट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं: काळ्यांवर हल्ले करणारी गोऱ्यांची ‘कू क्लक्स क्लॅन’ ही टोळी. देवाचं सोंग घेतलेल्या मालकाला गोड बोलून पाऊलपाऊल मागे सरकवायचं आणि जागा झाली की पळायचं. हे हसू आहे आणि शिकवणही आहे. राइटला ही दुसरी बाजू दिसली नाही, असं मला वाटतं.

या गोष्टी गोळा करायला झोरा १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून गावी परतली. तोवर ती बर्नार्ड कॉलेजात मानववंशशास्त्र शिकत होती, फ्रान्झ बोआस यांच्याकडे. (बर्नार्ड हे कोलंबिया विद्यापीठाचं महिला महाविद्यालय. बोआस यांचे शिष्य गोल्डनवायझर यांच्या कोलंबियातल्या चर्चासत्रात १९१६ साली बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला होता. झोरा तिथे पोहोचली त्यानंतर नऊ वर्षांनी. वंश श्रेष्ठ-कनिष्ठ नसतात, उतरंड माणसाने रचलेली असते, हा विचार ज्या वर्गांमध्ये घडत होता तिथे हे दोघेही बसून गेले, हे कळलं तेव्हा मी बराच वेळ काही वाचू शकले नव्हते.) पहिल्या फेरीत तिला फारसं काही मिळालं नाही. कॉलेजच्या शुद्ध भाषेत ‘आपल्याला काही लोककथा ठाऊक आहेत का’ असं विचारल्यावर लोक म्हणत, इथे नाही बाई, पलीकडच्या जिल्ह्यात असतील. पुढच्या खेपेला ती गावची पोर होऊन गेली. जुनी मोटार, जवळ पिस्तूल, लाकूडतोड्यांच्या वस्तीत मुक्काम.

तिच्याकडे कॅमेराही होता. १९२८ च्या सुमारास तिने केलेलं चित्रण आजही पाहता येतं. गोल करून टाळ्यांवर खेळणारी मुलं, घरापुढच्या ओट्यावर बसलेली बाई. आवाज नाही, तरी टाळीचा ताल डोळ्यांना कळतो. एखाद्या काळ्या स्त्रीने हातात कॅमेरा घेऊन केलेल्या सर्वांत जुन्या चित्रणांपैकी हे आहे. १९३९ साली तिने रेल्वेमजुरांची गाणी स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित केली. रूळ सरळ करताना एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी पहारींना एकदम जोर लावायचा, त्यासाठीची ती गाणी. गाणी कशी जमवता, असं विचारल्यावर तिने सांगितलं की मी घोळक्यात मिसळते, ऐकते, मग त्यांच्यासमोरच म्हणून दाखवते आणि ‘आता जमलं’ असं ते म्हणेपर्यंत म्हणत राहते. पदवी देणारे तेच.

चित्रपट, गाणं, गोष्ट हे सगळं एकाच महोत्सवात का, असं माझ्या लेखाखाली आणखी कोणी विचारलं होतं. हे सगळं तिच्या एकटीच्या थैलीत होतं, म्हणून.

आता तुमचा पहिला मुद्दा, कचेरीचा. १९८७ साली, गावाच्या शंभरीच्या वर्षी, काउंटीने गावाचा मुख्य रस्ता पाच पदरी करायचं ठरवलं. आधीच एक महामार्ग गावाला चिरून गेलेला होता. हा दुसरा रस्ता घरं आणि चर्च यांच्या मधून जाणार होता आणि त्यानंतर गाव म्हणजे दोन बाजूंना उरलेले तुकडे. लोकांनी संघटना काढली, पण त्यांची अडचण फार मोठी होती. वारसा म्हणून दाखवायला गावात किल्ला नाही, वाडा नाही. क्लार्क यांचं दुकानही केव्हाच नाहीसं झालेलं. साध्या लाकडी घरांचं गाव. यात ऐतिहासिक काय, असं कोणताही अधिकारी विचारू शकला असता.

त्यांच्याजवळ होते ते झोराचे शब्द. तो रस्ता, तो ओटा, ती माणसं कागदावर उतरलेली होती. तीच बाई, जी १९६० मध्ये फ्लोरिडातल्याच सेंट लूसी काउंटीच्या निराधारांसाठीच्या निवासात वारली, जिच्या कबरीवर दगडही नव्हता, जिची कागदपत्रं जाळायला काढली होती आणि वाटेने जाणाऱ्या एका ओळखीच्या पोलिसाने ती आग विझवली. १९७३ मध्ये कृष्णवर्णीय लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी गवतातून तिची कबर शोधून दगड बसवला, त्यानंतर जग तिला पुन्हा वाचू लागलं. ईटनव्हिलच्या लोकांनी तिचं नाव पुढे केलं, रस्त्याला विरोध उभा केला आणि जानेवारी १९९० मध्ये पहिला महोत्सव भरवला. पाच पदरी रस्ता झाला नाही. १९९८ मध्ये गावाचा जुना भाग राष्ट्रीय वारसा यादीत नोंदला गेला.

निर्णय कचेरीतच झाला, सर, हे तुमचं बरोबर. पण कचेरी कागद मागते. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांनी तो गोष्टींमधून तयार केला. मला हा महोत्सव त्या गावाचा सातबारा वाटतो, दरवर्षी मोठ्याने वाचून दाखवलेला. आणि तो दरवर्षी वाचावा लागतो. २०२३ मध्ये गावातल्या हंगरफर्ड शाळेची सुमारे १०० एकर जागा विकासकाला विकायचा घाट घातला गेला. १८९७ साली काळ्या मुलांच्या शिक्षणासाठी उभी राहिलेली ती शाळा. पुन्हा माणसं उभी राहिली आणि तो व्यवहार मोडला.

भेदभावाच्या मुद्द्यावर थोडंच लिहिते. त्या महोत्सवाला कोणाचीच आडकाठी नाही. मी साडी नेसून गेले होते. गोधडीसारख्या पांघरुणांच्या दुकानात एका आजीबाईंनी माझ्या पदराचा काठ चिमटीत धरून विणीबद्दल तीन प्रश्न विचारले आणि मग स्वतःच्या आजीच्या ठिगळकामाबद्दल अर्धा तास बोलत होत्या. दार लावून घेणं आणि आपल्या घरात आपलं गाणं म्हणणं यांत फरक आहे. दार लावून घेण्याचा अर्थ ओकोईच्या लोकांना विचारावा.

राहिला तुमचा पार. ती ओळ वाचून मी तुमच्याशी वाद घालायचा विचारच काही दिवस सोडून दिला होता. ‘कोणी गाणी म्हटली नाहीत’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणजे म्हणायला हवी होती असं तुम्हालाही वाटतंय, असं मी धरते. त्या पारावर कोण बसायचं? झाड वडाचं होतं की पिंपळाचं? पारावर बसायची मुभा कोणाला होती आणि कोणाला नव्हती, तेही लिहा. कोणाच्या थापांना लोक जास्त हसायचे? तुम्हाला आठवणारी एक तरी गोष्ट, ज्या बोलीत ऐकलीत त्याच बोलीत, मला लिहून पाठवा. शुद्ध करू नका. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून पाठवा, मी उतरवून घेईन आणि तुम्ही ‘आता जमलं’ म्हणेपर्यंत तुम्हाला वाचून दाखवेन. मग इथेच छापू.