म्हणे, भाकरीसाठी गेले

आज एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेला गेले होते. नववीतली एक मुलगी आझाद हिंद सेनेवर बोलली. नेताजींवर सगळेच बोलतात. ही बोलली सिंगापूरच्या छावणीतल्या कैद्यांवर, ज्यांच्यातून ती सेना उभी राहिली त्या साध्या शिपायांवर. फार मनापासून बोलली. मग प्रमुख पाहुण्यांनी माईक घेतला आणि भर सभागृहात तिला सुनावलं, "बाळ, ते हरलेले युद्धकैदी होते. निम्मे भाकरीसाठी गेले, निम्मे माराच्या भीतीनं. मोठे फक्त नेताजी." वर टाळ्या पडल्या! पोरीचा चेहरा एवढासा झाला. घरी आल्यापासून माझं डोकं ठणकतंय.

भाकरीसाठी? आमच्या थोरल्या आबांना ओळखणाऱ्या कुणी हे म्हणून दाखवावं.

थोरले आबा म्हणजे माझ्या आजोबांचे सख्खे थोरले भाऊ. सातारा जिल्ह्यातले, सरकारी फौजेत ट्रक ड्रायव्हर. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हिंदी सैनिक गोळा केले, सुमारे ४५,०००. गोरे आधीच वेगळे काढले होते. कर्नल हंट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं आपली माणसं जपानी सैन्याच्या मेजर फुजिवारांच्या ताब्यात दिली आणि तो निघून गेला. आबा लढाईबद्दल फार बोलत नसत, पण हा दिवस मात्र सांगत. "बाजारात बैलाचं दावं दुसऱ्याच्या हातात देत्यात, तसं दिलं गं आमाला. मागं वळून बगितलं बी न्हाई." ज्या सरकारचं मीठ खाल्लं म्हणून आज आपण त्यांना बेइमान ठरवतो, त्या सरकारनं त्यांना असं दिलं होतं. मग शपथ नक्की कुणी मोडली?

त्याच मैदानावर इंग्रजांच्या फौजेतलेच कॅप्टन मोहनसिंग बोलले, आणि पुढे त्यांनी पहिली आझाद हिंद फौज उभी केली. भाकरीचाच प्रश्न असता तर डिसेंबर १९४२ मध्ये तेच मोहनसिंग जपान्यांशी भांडून कैदेत का गेले असते? जपानी आपल्याला प्यादी म्हणून वापरणार, हे त्यांना दिसत होतं. फौज मोडली. जुलै १९४३ मध्ये सुभाषबाबू सिंगापूरला आले आणि ती पुन्हा उभी राहिली.

हो, काही जण भीतीनं गेले असतील. काही पोटासाठीही. आणि जपानी सैन्यानं अंदमानात आपल्याच लोकांचे जे हाल केले ते मला माहीत आहेत. मान्य. पुढे.

गांधी, आझाद आणि नेहरू अशा तीन ब्रिगेड होत्या. त्यांच्यातून निवडून सुमारे ३००० जवानांची एक ब्रिगेड मलायात तैपिंगला उभी केली. तिचे प्रमुख शाहनवाझ खान. जवान तिला सुभाष ब्रिगेड म्हणायचे. थोरले आबा त्यात होते. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेला माणूस तिथे पायदळात गेला. १९४४ मध्ये ब्रह्मदेशातल्या चिन टेकड्यांत, हाका आणि फालमच्या बाजूला. गाड्या नाहीत, खेचरं नाहीत. तांदूळ, दारूगोळा, सगळं पाठीवर. अंगावर धड ब्लँकेट नाही, मच्छरदाण्या नाहीत, मलेरियानं माणसं टपाटप आजारी पडत होती. मग मणिपुरातलं इंफाळ घेण्याची मोहीम फसली आणि भर पावसात माघार. आबा सांगायचे, भातात जंगलातला पाला शिजवायचा, मीठ असलं तर तो दिवस चांगला. भाकरीसाठी गेलेल्या माणसांची ही भाकरी. पाहुण्यांना कुणीतरी कळवा.

आता एक गोष्ट लिहिते, जी आमच्या घरात मोठ्यानं कुणी बोललं नाही.

आबांचा मावसभाऊ त्याच छावणीत होता. त्याच गावचा, त्याच बराकीत. तो गेला नाही. म्हणाला, एकदा शपथ घेतली ती घेतली. फौजेत न गेलेल्या कैद्यांना जपान्यांनी जहाजांत कोंबून न्यू गिनी, न्यू ब्रिटनकडे मजुरीला नेलं. त्यातले कितीतरी तिकडेच संपले. हाही परत आला नाही. आणि आबांनी त्याला कधी, एकदाही, भित्रा म्हटलं नाही. "त्याचं बी बरोबर व्हतं," एवढंच म्हणायचे. ज्यांनी ती छावणी भोगली ते एकमेकांना नावं ठेवत नव्हते. पंख्याखाली बसून नावं ठेवतोय आपण.

१९४४ च्याच मार्चमध्ये मणिपुरात सांगशाकला आपल्याच मराठा पलटणीची चौथी बटालियन इंग्रजांच्या बाजूनं जपान्यांशी झुंजत होती. त्यांच्याविषयीही माझ्या मनात तसूभर कमी आदर नाही.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे, लिहिता लिहिता लक्षात येतंय. इंग्रजांनी या शिपायांची निष्ठेवरून पांढरे, करडे, काळे अशी वर्गवारी केली; काळे म्हणजे त्यांच्या लेखी पक्के बंडखोर. आबा काळ्यात. नोकरी गेली, कैदेतल्या वर्षांचा पगार गेला. १९४५ च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात शाहनवाझ, सहगल, धिल्लन या फौजेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला तेव्हा वकील भुलाभाई देसाई त्यांच्या बाजूनं उभे राहिले, सगळा देश उभा राहिला. फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौदलाच्या खलाशांनी बंड केलं, त्यांच्या मागण्यांतही या कैद्यांची सुटका होती. आणि स्वातंत्र्य आल्यावर? सैन्यात परत घेतलं नाही. शिस्तीचा प्रश्न होता म्हणतात. असेल. पण शाहनवाझ मंत्री झाले, आपल्या सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले, त्या फौजेचे चीफ ऑफ स्टाफ, रत्नागिरीचे खासदार आणि उपमंत्री झाले. झालं ते योग्यच झालं, दोघांचा मान मोठाच. मग ड्रायव्हरनं काय घोडं मारलं होतं?

१९७२ ला स्वातंत्र्यसैनिकांचं पेन्शन सुरू झालं. आबा अर्ज घेऊन गेले. कारकुनानं सहकैद्याचा दाखला मागितला. आबांनी बराकीतली नावं सांगितली: एक पंजाबातला, फाळणीनंतर कुठे गेला ठाऊक नाही, एक चिनच्या टेकड्यांत पुरलेला, एक गढवाली, त्याचा पत्ता नाही. कारकून म्हणाला, "बाबा, जिवंत माणूस आणा." आबा घरी आले, कागद फडताळात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोटेवर गेले. परत त्या कचेरीची पायरी चढले नाहीत.

आज त्या मुलीला मी बाहेर गाठलं. आबांचं सगळं सांगितलं, मावसभावाचंही. तिनं वहीत लिहून घेतलं. पुढची फेरी पंधरा दिवसांनी आहे. तुमच्या घरात, गावात असं कुणी होऊन गेलं असेल, फौजेत गेलेलं किंवा न गेलेलं, तर खाली नाव आणि गाव लिहा. तिच्यापर्यंत मी पोचवते.