गादी सरकली

"तुमची गादी सरकलीय," एमआरआयची फिल्म उजेडाला धरत डॉक्टर म्हणाले. आमच्या घराण्यात आजवर कुणाला गादी मिळाली नव्हती. मला मिळाली ती ही, सरकलेली!

कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली ही गादी डाव्या बाजूची नस दाबत होती. नस म्हणजे सायटिकाची, शरीरातली सगळ्यात जाड आणि लांब. म्हणूनच कमरेतून निघालेली कळ मांडी, पोटरी करत थेट पायाच्या अंगठ्याला भेटून येते. डॉक्टरांनी मला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला. ३० ते ७० अंशांच्या दरम्यान खालपर्यंत कळ गेली की नस दबल्याचा संशय घ्यायचा म्हणे. मी ३५ ला ओरडलो. गणितातही माझी मजल तेवढीच असायची.

दिवसभर पडून राहू नका, हिंडतेफिरते राहा, पालथे झोपू नका. इतकं ऐकून घरी आलो. पण दिवसाचं काही नाही हो, खरी परीक्षा रात्रीची. दुखरी बाजू वर ठेवायची, म्हणजे मला उजव्या कुशीवर झोपणं भाग. बावीस वर्षं बायको माझ्या डावीकडे झोपते. पहिल्या रात्री तिच्याकडे पाठ केली, तर अंधारातून प्रश्न आला, "अहो, माझं काही चुकलं का?" दुसऱ्या रात्री आम्ही जागा बदलल्या. आता तिला खिडकीतले डास आणि मला तिचं तोंड.

मग उशा. एक डोक्याखाली. एक दोन्ही गुडघ्यांमध्ये, म्हणजे वरचा पाय खाली लोंबून कंबर पिळवटत नाही. (हिचा गुण खरंच येतो, चेष्टा नाही.) एक पाठीशी टेकण म्हणून आणि एक पोटाशी कवटाळायला. सोफ्यावरची गेली, पाहुण्यांची गेली, मुलाची गेली. उताणं झोपायची हुक्की आली तर गुडघ्यांखाली घालायला मावशीकडून लोडही आणून ठेवला. "आपण झोपतोय की बैठक मांडतोय?" असं बायकोने विचारलं, त्यात तथ्य होतं.

कूस बदलायची तर शास्त्र वेगळं. फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, "काका, ओंडका व्हायचं. गुडघे मोडा आणि खांदे, कंबर सगळं एकदम वळवा." मी ओंडका झालो. पण ओंडक्याबरोबर चार उशा वळत नाहीत, हे तिला कुणी शिकवलेलं दिसत नाही.

काल पहाटे तीनला गुडघ्यांमधली उशी मागच्या बाजूने सटकली आणि फरशीवर पडली. वाकून उचलणं शक्य नव्हतं. टेकणाची उशी बाजूला सारली, दात ओठ खात ओंडका केला, पलंगाच्या कडेवरून उजवा पाय खाली सोडला आणि अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत अभ्र्याचं टोक पकडलं. उशी वीतभर वर आली. अभ्रा निघून हातात, म्हणजे पायात, राहिला. उशी पुन्हा फरशीवर. तेवढ्या हालचालीत टेकणाची उशीही धप्पकन तिच्या शेजारी जाऊन पडली.

"उशी पडली का?" डोळे न उघडता बायकोने विचारलं.

"हो ना."

"कोणती?"